तिसऱ्या ओळीतली चूक

१

गुरुवारी संध्याकाळी ओमप्रकाश राठींच्या हॉलमध्ये डबा उघडला, तेव्हा आकांक्षा तसरेचं पुण्याला जाणं त्यातून निघालं, दहा मिनिटं टिकलं आणि बुडालं.

डबा म्हणजे सिनेमाच्या रिळाचा जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा. अमरावतीच्या रविवार फिल्म मंडळाची ही पंधरा वर्षांची रीत. ऑस्करच्या सर्वांत मोठ्या बक्षिसासाठी दरवर्षी दहा सिनेमे निवडले जातात. ते दहा कोणते, याचा अंदाज सभासदांनी आधीच कागदावर लिहून पाकिटात घालायचा आणि पाकीट सचिवांच्या घरी नेऊन द्यायचं. एक जानेवारीला सगळी पाकिटं डब्यात, डब्याला लाख, लाखेवर मंडळाचा शिक्का. नावं जाहीर झाली की डबा फोडायचा. ज्याचे जास्त बरोबर, त्याला पुण्याच्या महिनाभराच्या सिनेमा-वर्गातली मंडळाच्या वाट्याची एकुलती एक जागा.

इंग्रजी नावं इथल्या जिभेवर नीट बसत नाहीत. म्हणून मंडळाचे सचिव खुशालराव काळमेघ गुरुजी प्रत्येक सिनेमाला एक मराठी नाव ठेवत. ते नाव फळ्यावर चढलं की तेच खरं, यादीतही तेच लिहायचं. गुरुजी म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. चौदा वर्षांत अकरा वेळा अंदाजात पहिले आले, आणि अकराही वेळा "आपन आता काय शिकाचं?" म्हणून जागा दुसऱ्या नंबराला देऊन मोकळे झाले.

त्या संध्याकाळी भातकुलीची आकांक्षा पहिली आली. बावीस वर्षांची पोरगी, दहापैकी दहा. असं आजवर कुणाचंच झालं नव्हतं. टाळ्या पडल्या. मग गुरुजींचं पाकीट उघडलं. दहापैकी नऊ. हे वाचणारा नितेश बुरघाटे मध्येच थांबला. त्यानं दोन्ही कागद शेजारी धरले.

"एक मिनिट," तो म्हणाला. "दोन्ही याद्या एकच आहेत. क्रमसुद्धा तोच. फक्त तिसऱ्या ओळीत फरक आहे. गुरुजींच्या यादीत 'माया', हिच्या यादीत 'माळा'. बाकी शब्दाला शब्द."

हॉलमधल्या तीस माणसांनी आकांक्षाकडे पाहिलं. गुरुजींकडे कुणी पाहिलं नाही.

"मी नाही केली कॉपी," आकांक्षा म्हणाली. आवाज कापला नाही, पण हातातला रुमाल पार पिळून निघाला.

गुरुजी पहिल्या रांगेत समोर बघत बसले होते. कुणीतरी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "मले नाही सांगता येत बाप्पा."

शेवटच्या रांगेत ज्योत्स्ना तायडे झोपल्या होत्या. त्यांना कुणीतरी खांद्याला हलवून उठवलं. "मॅडम, उठा. तुमच्या खात्यातलं प्रकरण आहे."

२

ज्योत्स्नाबाईंनी परीक्षेच्या खात्यात एकतीस वर्षं काढली होती, त्यातली एकोणीस कॉपीच्या प्रकरणांत. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना कशाचाही शोध घ्यायचा नव्हता, अगदी हरवलेल्या चष्म्याचासुद्धा. फिल्म मंडळाच्या सभासद झाल्या त्या अंधारात, पंख्याखाली दोन तास कुणी उठवत नाही म्हणून. त्यांनी यादी कधीच टाकली नव्हती. आणि नेमकं त्याच कारणानं सगळ्यांनी चौकशी त्यांच्याच गळ्यात घातली. पुण्याला नाव सोमवारी कळवायचं होतं, म्हणजे निकाल रविवारच्या सभेत.

त्यांना नाही म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं नाही, ते एका जुन्या प्रकरणामुळं. दोन मुलींच्या उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या होत्या. एक शहरातली, हुशार म्हणून नावाजलेली, दुसरी खेड्यातली. बाईंनी खेड्यातल्या मुलीला वर्षासाठी परीक्षेतून बाद केलं. आठ महिन्यांनी उघड झालं की कॉपी शहरातलीनं केली होती. तोवर दुसरीनं शिकणं सोडलं होतं. तिचा बैठक क्रमांक बाईंना अजून पाठ होता.

शुक्रवारी सकाळी त्या गुडघे सांभाळत ऑटोतून उतरल्या आणि राठींच्या हॉलवर गेल्या. हॉल पूर्वी कापडाचं गोदाम होतं. आता लग्नसराईत वाङ्‌निश्चय आणि रविवारी सिनेमा.

"मॅडम, डबा माझ्या कपाटात, चाबी माझ्या खिशात," ओमप्रकाश राठी म्हणाले. "पन लाख पाहून घ्या ना. मी तुकडे फेकले नाही."

बाईंनी तुकडे जुळवून पाहिले. शिक्का अखंड, लाखेचा एकच थर. एकदा फोडून पुन्हा ओतलेली लाख दोन रंगांची दिसते. हे त्यांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हणजे डब्यात काही झालं नव्हतं. जे झालं ते एक जानेवारीच्या आधी.

"राठीजी, तुमचा कुणावर संशय?"

"मले काय इचारता? मी तं दरवर्षी शेवटून दुसरा असतो." राठी हसले. "पोरीचा चेहरा पाहून मले रात्री झोप नाही आली. काळमेघजींनी काहीतरी बोलायले पायजे होतं. तेही हल्ली बदललेच म्हना. पयले शेवटच्या रांगेत बसायचे, पडदा पूर्ण दिसतो म्हनून. आता वर्षभरापासून एकदम पुढं."

कपाटात जुन्या याद्यांची फाइल होती. बाईंनी ती काढली आणि फळ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. गुरुजींच्या चौदा वर्षांच्या चौदा याद्या. अक्षर मोत्यासारखं, बारीक, शाईचं. आणि प्रत्येक यादी वर्णानुक्रमानं लावलेली: आरशातली बाई, गुलाबी कोट, जिना, पिवळी बस, बर्फातला घोडा, लाल छत्री. यंदाची यादी जाड मार्करनं लिहिलेली, अक्षरं बोराएवढी, ओळी उजवीकडं खाली गेलेल्या. शिट्टी, रेडिओ, माया, खोकला, घंटा, टाइपरायटर, पाऊस, कुत्रं, हुंदका, पियानो.

बाईंनी मान वर करून फळा वाचला. यंदा बारसं झालेले वीस सिनेमे. त्यांनी फळा एकदा वाचला, मग फाइलमधली जुनी नावं वाचली, मग पुन्हा फळा वाचला.

"राठीजी," त्या म्हणाल्या, "हा फळा कुणी लिहिला?"

"नितेशनं. दरवर्षी गुरुजीच लिहितात. यंदा म्हने खांदा दुखतो."

बाईंनी फाइल पिशवीत टाकली. त्यांना एकदम फार दमल्यासारखं झालं.

३

नितेश बुरघाटेचे कोचिंग क्लासेस राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट नव्हती. बाई वर पोचल्या तेव्हा पहिली पाच मिनिटं त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि नितेशला वाटलं हा चौकशीचाच भाग आहे. तो घाबरून पाणी घेऊन आला.

नितेश पुण्यात शिकलेला. बोलणं स्वच्छ, धुतलेलं. वऱ्हाडी शब्द तोंडातून निसटलाच तर तो दातांखाली दाबायचा.

"मॅडम, माझे सात बरोबर आहेत. मी तिसरा. ती बाद झाली की जागा मला मिळते, कारण गुरुजी जाणार नाहीत. लोक काय बोलतात मला माहीत आहे."

"लोक बोलतात ते सोड. तुला जायचंय का?"

"सहा वर्षं जायचंय," तो म्हणाला. हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की बाईंना तो पहिल्यांदा आवडला. "पण मी खोटं बोलत नाही. तुम्हीच सांगा. दहा नावं, एकाच क्रमानं. योगायोग?"

"नाही. योगायोग नाही."

"मग? गुरुजींची यादी तिनं पाहिली. तीस तारखेला ती त्यांच्या घरी पाकीट द्यायला गेली होती, तिनंच कबूल केलंय. गुरुजी आणि काकू आत होते, ही बाहेरच्या खोलीत बसली होती. उतरवून घेतलं आणि एक नाव बदललं, शंका नको म्हणून. नशिबानं तेच बरोबर निघालं."

"नाव बदलायचं तर तिसरंच का? आणि 'माया' काढून 'माळा'च का? फळ्यावर वीस सिनेमे आहेत."

बाईंनी पाण्याचा ग्लास संपवला.

"बाळा, एकोणीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकले. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. त्यांच्यावरून काही कळत नाही. चुका ज्याच्या त्याच्या असतात. कुणी कुणाचं पाहिलं, ते चुकीवरून ओळखायचं."

"पण चूक तर गुरुजींच्या यादीत आहे," नितेश म्हणाला. म्हणाला आणि थांबला.

बाई उठल्या. जिना उतरताना कठड्याला धरून त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या. तळमजल्यावर पोचल्या आणि फोन वाजला.

"हॅलो, मी कायमेघ गुरुजीच्या घरून बोलून राहिली, दुर्गाबाई," पलीकडून आवाज आला. गुरुजींच्या बायकोचा, मोठा, मोकळा, अकोटकडचा. "तुमी चौकशी करून राहिल्या म्हने. मंग आमच्या घरी कवा येता? उद्या सकायी या. दुपारून ते झोपतात. आनि मॅडम, एक इचारू? त्या पोरीले खरंच काढून टाकतात का हो?"

"अजून काही ठरलं नाही."

मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

४

भातकुलीला बाई दुपारच्या बसनं गेल्या. तसऱ्यांच्या घरासमोर तुरीच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. आकांक्षाचे वडील श्यामराव ओसरीवर बसले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपलं म्हणणंही लगेच देऊन टाकलं.

"मी तिले आधीच सांगतलं होतं. नंबर लागला तं जाय पुण्याले, मी आडवा येनार नाही. नाही लागला तं बी.एड.चा फॉर्म भराचा. आता नंबर लागला, पन नाव खराब झालं. अशा नावानं मी तिले कुठीच पाठवत नाही. ना पुण्याले, ना बी.एड.ले."

आकांक्षा दारात उभी होती. ती बाईंना आतल्या खोलीत घेऊन गेली आणि न विचारता एक वही समोर ठेवली.

"हे बघा मॅडम. मी सिनेमा पाहिला की तारीख टाकते. शिट्टी, बारा ऑगस्ट. रेडिओ, वीस ऑगस्ट. माळा, तीन सप्टेंबर, त्या दिवशी गावात लाइट नव्हती, मोबाइलवर अर्धा पाहिला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी. यादी मी याच क्रमानं लिहिली. मले वाटलं क्रमाले काय महत्त्व आहे."

क्रम तंतोतंत जुळत होता. पण वही नंतरही लिहिता येते. बाईंनी तशी लिहिलेली पाहिली होती, एकाच पेनानं, एकाच बैठकीत. या वहीत चार पेनं होती, एक चहाचा डाग होता आणि दोन पानांवर वाणसामानाची यादी.

"'माळा' का घेतलास? कुणीच घेतला नव्हता."

"त्यात काही होतच नाही ना. एक म्हातारा खाली बसलेला, वरून पावलांचा आवाज येतो, एवढंच. पण आवाज थांबतो तवा आपल्याले भीती वाटते. मी दोन दिवस वर पाहत होती." आकांक्षानं खरोखरच वर पाहिलं. "'माया' चांगला आहे, पण रडवायसाठी केला आहे. निवडणाऱ्यांना ते कळेल असं मले वाटलं."

"पाकीट कसं बंद केलंस?"

"गोंद नव्हता. पिन मारली."

"किती?"

"एक."

बाईंनी पिशवीतून आकांक्षाचं पाकीट काढलं. गुरुवारी नितेशनं ते बाजूनं फाडलं होतं, वरची घडी तशीच होती. घडीवर एक पिन होती. पिनेच्या शेजारी, जोंधळ्याएवढ्या अंतरावर, दोन रिकामी भोकं होती.

"पाकीट कुणाच्या हातात दिलंस?"

"दुर्गाकाकूंच्या. गुरुजी आत होते. मी अर्धा तास थांबली, पण ते बाहेरच नाही आले. मले जरा वाईट वाटलं. दरवेळी ते स्वतः दार उघडतात."

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकीची जागा मिळाली आणि झोप मात्र मिळाली नाही. पाकीट कुणी उघडलं हे आता त्यांना ठाऊक होतं. न समजलेली गोष्ट एकच होती. कागद समोर ठेवून उतरवणाऱ्याला 'माळा'चा 'माया' का करावासा वाटेल? डोळ्यांना ळ आणि य सारखे दिसत नाहीत. चित्रकलेच्या शिक्षकाला तर नाहीच नाही.

शेजारी एक बाई मोबाइलवर भावाला सांगत होती, "शायेत गेल्ता का रे पोट्टा?" ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटले होते, ते उघडले.

५

शनिवारी सकाळी गुरुजींच्या घराचं दार उघडंच होतं. गुरुजी खुर्चीत, दाराकडं तोंड करून. बाई दारात उभ्या राहिल्या आणि मुद्दाम काही बोलल्या नाहीत.

"कोन?" गुरुजींनी विचारलं.

त्या समोर, पाच पावलांवर, दहाच्या लख्ख उन्हात उभ्या होत्या.

"मी ज्योत्स्ना तायडे."

"या ना मॅडम, बसा ना." गुरुजी घाईनं हसले. "उजेड डोयावर आला."

दुर्गाबाईंनी चहा आणला. एक कप त्यांनी बाईंसमोर ठेवला. दुसरा ठेवला नाही, गुरुजींच्या हातात दिला, कपाचा कान बरोबर बोटांशी आणून. हे इतक्या सवयीनं झालं की दोघांपैकी कुणालाच त्यात काही दाखवण्यासारखं वाटलं नसावं.

बाईंना वाटलं, चहा प्यावा आणि निघून जावं. रविवारी सांगावं की काही सिद्ध होत नाही. मग नितेश पुण्याला जाईल, आकांक्षा कुठंच जाणार नाही, आणि हे दोघं असेच चहा पीत राहतील. पण तो बैठक क्रमांक पाठ होता.

त्यांनी पिशवीतून आकांक्षाची यादी काढली.

"दुर्गाबाई, चष्मा घरी राहिला माझा. एवढं जरा मोठ्यानं वाचून दाखवता?"

चष्मा त्यांच्या पिशवीतच होता. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला फसवून कबुली घेतली नव्हती.

दुर्गाबाईंनी कागद घेतला, पदरानं हात पुसले, कागद लांब धरला. त्यांनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं. मग शाळेत वाचतात तसं एकेक शब्द तोडून वाचायला लागल्या.

"शिट्टी. रेडिओ. माया. खोकला. घंटा..."

गुरुजींचा तोंडाकडं निघालेला कप वाटेतच थांबला.

"थांब," ते म्हणाले. "तिसरं काय वाचलं तू?"

६

"माया," दुर्गाबाई म्हणाल्या. "बरोबर तं वाचलं. लिवलंच तसं हाय."

"माया का माळा?"

"तेच ना. माया. आपल्या वरचा माया, कांदे ठेवतो तो."

गुरुजींनी कप खाली ठेवायला हात पुढं केला. तिथं टेबल नव्हतं. बाईंनी कप धरला आणि खाली ठेवला.

"चाळीस वर्षं झाली हिचं बोलनं ऐकून राहिलो," गुरुजी शेवटी म्हणाले. "मले हिचा ळ अन्‌ य वेगळा ऐकूच नाही येत. माह्या जिभेचंही तेच झालं. कदी कदी ळ येतो, कदी नाही."

"मी सांगू का गुरुजी, की तुम्ही सांगता?"

"तुमीच सांगा. तुमच्या तोंडून बरं वाटंल."

बाईंनी सांगितलं. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

"डब्याची लाख शाबूत, म्हणजे नक्कल डबा बंद व्हायच्या आधीची. आकांक्षाच्या पाकिटाला पिनेची चार भोकं, म्हणजे तिचं पाकीट कुणीतरी उघडून पुन्हा बंद केलं. ते या घरी दोन दिवस होतं. तुमच्या चौदा याद्या वर्णानुक्रमानं आहेत, पंधरावी नाही. ती तिच्या वहीतल्या तारखांच्या क्रमानं आहे. इथवर सोपं होतं. अडलं ते तिसऱ्या ओळीवर. पाहून उतरवलं असतं, तर माळाचा माया झाला नसता. तो कानानं होतो. म्हणजे एकानं वाचलं आणि दुसऱ्यानं लिहिलं. ज्याला लिहिता येतं, त्याला वाचून दाखवावं का लागलं? तेवढाच प्रश्न उरला."

"उत्तर कुठी सापडलं?"

"फळ्यावर. आधी कळलं नाही, बसमध्ये कळलं. तुम्ही पूर्वी सिनेमाला दिसणारी नावं ठेवायचात. लाल छत्री, पिवळी बस. यंदाची वीसच्या वीस नावं ऐकण्याची आहेत. शिट्टी, घंटा, खोकला. 'माया'त आई अंगाई म्हणते. 'माळ्या'त वर पावलं वाजतात."

गुरुजी हसले. ते हसणं बघवत नव्हतं.

"डोयाचा पडदा गेला मॅडम. वर्ष झालं. डॉक्टर म्हने, कडेकडेचं दिसंल, मधलं नाही. मधलंच तं पाहाचं असते सिनेमात. पुढं बसून पाहिलं, उपयोग नाही झाला. मंग नुसता ऐकत होतो."

"मग यंदा यादी टाकायचीच नव्हती."

"नाही टाकली तं लोक इचारतात, काहून नाही टाकली. अन्‌ चुकीची टाकली तं म्हनतात, गुरुजी सिनेमा पाहिला का झोपले होते. कोनी एकानं जरी इचारलं असतं ना, तं मी तिथंच रडलो असतो." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरला. "त्या पोरीची नजर लय चांगली हाय. मले वाटलं, ती पहिली आली काय अन्‌ मी आलो काय, पुण्याले तं तीच जाईन. मी जागा देऊनच टाकतो. कोनाचं काय नुकसान? दोन नावं बदलणार होतो. पन कोनती बदलू, तेही मले समजत नव्हतं. एकही पाहिला नाही ना."

"पिन म्याच काढली," दुर्गाबाई म्हणाल्या. "अन्‌ म्याच लावली. त्याइले कायी म्हनू नका."

"गुरुवारी तुम्ही बोलला नाहीत," बाई म्हणाल्या. हे त्यांना बोलायचंच होतं. "तीस माणसं तिच्याकडं पाहत होती, गुरुजी. तुम्हाला दिसली नसतील. पण ऐकू आलं असेल."

"आलं," गुरुजी म्हणाले. "सगयं ऐकू आलं."

बाई उठल्या. दाराशी त्यांना काहीतरी विचारावंसं वाटलं, ज्याचा चौकशीशी संबंध नव्हता.

"शेवटचा नीट पाहिलेला सिनेमा कोणता?"

गुरुजींनी बराच विचार केला.

"आठवत नाही," ते म्हणाले. "तवा कुठी माहीत होतं, हा शेवटचा म्हनून. नाही तं ध्यान देऊन पाहिला असता."

रविवारी सभेत बाईंना तोंड उघडावं लागलं नाही. गुरुजी दुर्गाबाईंचा हात धरून पुढं आले आणि त्यांनी सगळं सांगितलं, पिनेसकट. नितेश मान खाली घालून ऐकत होता. त्यानं उठून आकांक्षाची माफी मागितली, आणि घाईत वऱ्हाडीतच मागितली. मग पुण्याच्या फॉर्मवर तिचं नाव त्यानंच लिहिलं. श्यामराव तसरे दाराशी उभे होते. ते ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

आकांक्षा गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्यांच्या पाया पडायला वाकावं असं काही जणांना वाटलं असेल. ती वाकली नाही.

"मले विचारलं असतं, तर मी सगळे सिनेमे सांगितले असते तुम्हाले," ती म्हणाली. "एकेक." आणि जागेवर जाऊन बसली.

राठींनी दिवे घालवले. ज्योत्स्नाबाई शेवटच्या रांगेत पंख्याखाली सरकल्या आणि त्यांनी पाय लांब केले. तीन दिवसांची झोप उरली होती. पडद्यावर संगीत सुरू झालं, आणि त्याच्या वर, पहिल्या रांगेतून, एक मोठा, मोकळा, अकोटकडचा आवाज ऐकू यायला लागला. दुर्गाबाई आजवर मंडळात कधी आल्या नव्हत्या. सिनेमात हळू बोलतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"मोठं वावर हाय. रिकामं. कोनीच नाही. आता एक बाई येऊन राहिली, लय दुरून. तिच्या मांगं घोडा हाय. काया."

हॉलमधल्या तीसच्या तीस माणसांना तो काळा ऐकू आला. कुणीच त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. ज्योत्स्नाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या, आणि त्यांना झोप लागली नाही.